गणपतीला येताना

चिपळूण,
गुरुपौर्णिमा

चि. बाबू यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर पागोळ्यांचा आवाज ऐकत पडले. बोलणं झालं, पण सांगायचं ते राहूनच गेलं, म्हणून सकाळी चहा झाल्या झाल्या लिहायला बसले आहे. तुझा प्रश्न एकच होता, "आत्या, गणपतीला तिला गावी आणू की नको?" वहिनी नको म्हणतात, डॉक्टर हरकत नाही म्हणतात, आणि तू दोघांच्या मधे उभा. मी पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत बाळंतपणं केली, तेव्हा माझा शब्द शेवटचा मानायचा असं तू ठरवलेलं दिसतंय. पण बाबू, एवढ्या बोलण्यात सूनबाईला काय वाटतं ते तू एकदाही सांगितलं नाहीस. तिला विचारलंस का? आज संध्याकाळी विचार. "आई असं म्हणते, आत्या तसं म्हणते" अशी सुरुवात न करता विचार, नाहीतर ती बिचारी सगळ्यांना बरं वाटेल ते उत्तर देईल.

तिची इच्छा असेल तर माझं उत्तर हो आहे.

आज तिला चौदावा आठवडा चालू आहे, गणपतीत एकविसावा लागेल. नऊ महिन्यांत प्रवासाला सगळ्यात सोयीचा काळ हाच, चौथ्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतचा. बहुतेकींची मळमळ तोवर ओसरलेली असते आणि पोटाचं ओझं अजून चालण्याच्या आड येत नाही. १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान बाळाचे अवयव नीट बघणारी मोठी सोनोग्राफी असते, ती निघण्याआधी होऊ दे. वार खाली नाही ना, हेही तिच्यात कळतं. वार खाली असेल, मधे कधी अंगावरून रक्त गेलं असेल किंवा रक्तदाब वाढला असेल, तर मात्र मी माझं हो मागे घेते. मग दोघांनी डोंबिवलीतूनच हात जोडायचे. बाप्पा काही रागावणार नाही.

वहिनींच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. त्यांच्या पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात जे झालं, ते गुहागरहून एस.टी.ने आल्यामुळे झालं असं तेव्हा घरातले सगळे म्हणाले. तुला हे कदाचित कुणी सांगितलंही नसेल. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ पडतो तो बहुतेकदा त्याच्या घडणीतच, गुणसूत्रांतच दोष राहिल्यामुळे. एस.टी.च्या हादऱ्यांनी नाही, जिना चढल्याने नाही, पिकल्या पपईची फोड खाल्ल्यानेही नाही. हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नुकती नर्सिंग शिकत होते, मोठ्यांपुढे बोलायचा धीर झाला नाही. इतकी वर्षं त्या स्वतःला दोष देत आल्या. तू आईला रागावून काही बोलू नकोस, मी त्यांच्याशी बोलते.

आता प्रवासाचं. मांडवी एक्सप्रेसची तिकिटं आरक्षण उघडलं त्याच दिवशी काढलीस हे फार बरं केलंस. मोटारीने यायचा विचार मनातून काढून टाक. गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर माणगावला, कोलाडला किती तास अडकून पडायला होतं हे तुला मी सांगायला नको. अडकलेल्या गाडीत तिला ना पाय मोकळे करता येणार, ना लघवीला जाता येणार. गरोदर बाईच्या रक्ताचा गोठण्याकडे कल असतो. पाय लोंबते ठेवून तासन्‌तास बसलं की पोटरीच्या शिरेत गाठ धरायचा धोका वाढतो. आगगाडीत दर तासाला तिला उठव, डब्यात दोन फेऱ्या मार, घोटे गोल फिरवायला सांग. पाणी कमी पिऊ देऊ नकोस. गाडीतल्या संडासाला जावं लागू नये म्हणून बायका पाणीच प्यायच्या नाहीत, आणि मग लघवीला जळजळ घेऊन माझ्याकडे यायच्या. ती आत जाईल तेव्हा तू दाराशी उभा राहा. गाडी वळणावर हेलकावते, तिला दांडी धरायला सांग. सणाच्या गर्दीत आरक्षित डब्यातही माणसं दाराशी बसलेली असतात, वाट तू करून द्यायचीस.

मांडवीतलं खाणं चांगलं म्हणून सगळे सांगतात, तूही तिला सांगितलं असशील. गरम आणि समोर तळलेलं असेल ते खाऊ दे. चटणी, कापून ठेवलेली फळं, बर्फाचं सरबत नको. घरून पोळीचा लाडू, उकडलेली अंडी, दोन केळी घ्या. आणि तिची फाईल वरच्या बर्थवरच्या बॅगेत ठेवू नकोस, तुझ्या खांद्यावरच्या पिशवीत असू दे.

पावसाचं कुणी सांगू शकत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने आपल्या चिपळूणचं काय केलं ते तू पाहिलंस. रेल्वेही बंद पडली होती. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी मला फोन कर. इथे अतिवृष्टीचा इशारा असला तर मी नको म्हणेन, आणि तेव्हा तिकिटाच्या पैशांकडे बघायचं नाही.

खरं सांगू, मला प्रवासापेक्षा घरातल्या त्या पाच-सहा दिवसांची जास्त काळजी आहे. आगगाडीत ती चार-पाच तास बसून असेल. घरी आल्यावर तिला कोण बसू देणार आहे? आपल्या घरात गौरी-गणपतीला तीस-चाळीस पानं उठतात. उकडीच्या मोदकांना बायका पहाटे चारला चुलीपुढे बसतात आणि पंगती आवरेपर्यंत तीन वाजतात. नवी सून पाट सोडून बसून राहिली तर तिलाच अवघडल्यासारखं होतं. कुणी तिला काम सांगणार नाही, पण कुणी "तू आत जाऊन पड" असंही म्हणणार नाही. ती उभी राहील, कंबर धरून राहील. ते तू बोलायचंस, सगळ्यांसमोर, पहिल्याच दिवशी. "ती दुपारी दोन तास माजघरात पडणार, तिच्या वाटचं वाढप मी करणार." एवढं बोल आणि खरंच वाढायला उठ. तुझे काका हसतील. हसू देत.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हरतालिका, ती गणपतीच्या आदल्या दिवशीच. आपल्याकडे काहीजणी पाणीही घेत नाहीत. तिने निर्जळी करायची नाही. पूजा करू दे, वाळूची पिंड करू दे, पण वेळच्या वेळी खाऊ दे. मी स्वतः तिच्याजवळ बसून तिला दूध-भाकरी देईन, म्हणजे पाप लागलं तर मला लागेल. घरात गरोदर सून असली की काही घरांत गणपतीच्या मूर्तीचं विसर्जन करत नाहीत, बाळ होईपर्यंत ठेवतात. वहिनी तसं म्हणाल्या तर ठेवू देत, मला ती चाल आवडते. ज्या चालीने तिच्या पोटात अन्न-पाणी जायचं थांबतं किंवा तिला भीती बसते, तेवढ्याच चालीला मी आडवी येईन. ग्रहणातही तेच. तेवढा वेळ तिला एका जागी उपाशी बसवून ठेवायचं नाही.

घराच्या मागच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलंय. मी गड्याला चुना टाकून घासून घ्यायला सांगते. न्हाणीकडे जाताना रात्री तू बरोबर जायचंस, विजेरी घेऊन. तिला चिखलात अनवाणी उतरू देऊ नकोस, या दिवसांत आपल्या भागात लेप्टोचे रुग्ण निघतात. पाणी उकळलेलंच. आणि मच्छरदाणी तू घेऊन ये, इथल्या जुन्या मच्छरदाणीला भोकं पडली आहेत.

गावच्या घरापासून चिपळूण पाऊण तासावर आहे. कामथ्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, १०८ ला फोन केला की गाडी येते, पैसे पडत नाहीत. हे लागणार नाही, पण तुला माहीत असलेलं बरं.

एक जुनी गोष्ट सांगते. १९८९ साली मला सहावा महिना होता. कोकण रेल्वे तेव्हा यायची होती. माझी नोकरी इथे, ह्यांची शाळा कराडला. सुट्टी संपवून मी परत यायला निघाले. ह्यांनी मला स्टँडवर आणून एस.टी.त बसवून दिलं, कंडक्टरला सांगितलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि शाळेची वेळ झाली म्हणून गेले. कुंभार्ली घाटात मला उलट्या सुरू झाल्या. शेजारी मासे विकून परत निघालेली एक बाई होती. तिने माझं कपाळ धरलं, तिच्या पदराने तोंड पुसलं, आणि चिपळूण येईपर्यंत माझा हात सोडला नाही. तिचा चेहरा मला अजून आठवतो. मी ह्यांच्यावर रागावले नाही असं वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. मी रागावले होते. ते वाईट नव्हते, बाबू. ते गेल्यावरसुद्धा मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण ते काम आपलं आहे हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. घरातल्या मोठ्या माणसांनी सांगितलं नाही, आणि मीही नाही.

म्हणून तुला सांगते आहे.

तुझं रोजचं काम आत्तापासून सुरू आहे. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तिच्या हातात मूठभर कुरमुरे किंवा भाजलेल्या भाकरीचा तुकडा दे, तो खाऊन दहा मिनिटांनी तिने उठायचं. फोडणीच्या वासाने तिला ढवळतं म्हणालास, तर फोडणी तू घाल, ती बाल्कनीत बसेल. दोन जिवांची म्हणून दोघांचं जेवण तिच्या पानात वाढू नका. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० उष्मांक जास्त लागतात, म्हणजे एक वाटी उसळ, एक भाकरी आणि वर थोडं दूध. तेवढं पुरे, पण ते कसदार हवं.

आता लोहाची गोळी सुरू होईल. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. १८० दिवस रोज घ्यायची असते, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी द्यायची, दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नको, लिंबू पिळलेलं पाणी चालेल. शौचाला काळी होईल, तिने घाबरू नये. बद्धकोष्ठ झालं की बायका गोळ्या उशीखाली सारतात. मी कितीतरी घरांत उशा उचलून पाहिल्या आहेत. तिने तसं केलं तर रागावू नकोस, डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घे.

लोकलचं तू काही बोलला नाहीस, पण माझं सगळं लक्ष तिकडे आहे. डोंबिवली ते सीएसएमटी, सकाळची गर्दी. वर्षातून एकदाच्या मांडवीपेक्षा हा रोजचा प्रवास तिच्या अंगावर जास्त येतो, आणि त्याची चर्चा घरात कुणीच करत नाही, कारण ती नोकरी आहे. डोंबिवलीहून सुटणारी गाडी मिळते का बघ, अर्धा तास लवकर निघावं लागलं तरी चालेल, बसायला मिळेल. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला बसता येतं. पोट दिसत नाही तोवर लोक बोलतात, म्हणून डॉक्टरांचा कागद जवळ ठेवायचा. तिच्या साहेबांशी वेळेचं बोलायला तिला संकोच वाटत असेल तर घरी बसून दोघं मिळून अर्ज लिहा. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा तिचा कायद्याने हक्क आहे, त्यातले ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. घरापासून स्टेशनापर्यंत तू तिला दुचाकीवर सोडतोस. हादऱ्यांचं मला भय नाही, पडण्याचं आहे. खड्ड्यांत पाणी भरलेलं असतं, खोली कळत नाही. पावसाळाभर रिक्षा करा. आणि कधी मोटारीने गेलात तर पट्टा लावायचाच: खालचा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, आडवा, तिरका दोन स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने. पोटावरून कधीच नाही.

दोघांचं जवळ येणं थांबवायला कुणी सांगितलंय का तुम्हाला? आत्याने हे लिहावं का, असं वाटेल तुला, पण मी सिस्टरही आहे. डॉक्टरांनी मुद्दाम मनाई केली नसेल आणि तिची इच्छा असेल, तर काही अपाय नाही.

आता जे लिहिते ते दोनदा वाच. मी नोकरीत असताना एका पहाटे एका तरुणाने त्याच्या बायकोला आणलं. आठवा महिना, तिला झटके येत होते. मी विचारलं, डोकं दुखत होतं का? त्याला माहीत नव्हतं. चेहरा सुजला होता का? डोळ्यांपुढे अंधारी? मागचा रक्तदाब किती होता? त्याने मागे उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. आई म्हणाली, चार दिवस डोकं धरून बसली होती, आम्हाला वाटलं थकली असेल. आम्ही इंजेक्शन दिलं, बाई वाचली. बाळ वाचलं नाही. तो मुलगा दुष्ट नव्हता. बाहेर बाकावर बसून तो इतका रडला की वॉर्डातल्या बायका उठून आल्या. पण घरात जे चाललं होतं ते बायकांचं, असं समजून तो चार दिवस कामावर जात राहिला होता.

तर तू हे पाठ कर. तिचा रक्तगट. शेवटचा रक्तदाब, वरचा १४० किंवा खालचा ९० झाला की त्याच दिवशी डॉक्टर. शेवटचं हिमोग्लोबिन. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, हाता-तोंडावर एकाएकी सूज, बरगड्यांखाली दुखणं, ताप, आणि पुढे बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. अंगदुखीच्या गोळ्या घरातल्या डब्यातून काढून द्यायच्या नाहीत. तपासणीला दर वेळी तू बरोबर जा, आत जा. "बाहेर बसा" म्हणाले तर नम्रपणे विचार, मी आत आलो तर चालेल का. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी विचारायचं नाही, तो गुन्हा आहे हे तुला माहीत आहे. पण डोहाळजेवणात पेढा की बर्फी हा खेळही आपल्या घरात नको असं मला वाटतं. पेढा निघाला की टाळ्या आणि बर्फी निघाली की क्षणभर सगळ्या गप्प, हे मी फार वेळा पाहिलं आहे. तो क्षण पोटुशी बाईला बरोबर कळतो. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, गाणी, सगळं करू, मनापासून करू. तेवढं एक सोडून देऊ.

डोहाळजेवण दिवाळीच्या सुमाराला येईल, तेव्हा तिला सातवा महिना चालू असेल. त्यानंतर ती कोल्हापूरला माहेरी जाणार म्हणालास. पहिलं बाळंतपण माहेरी, ते योग्यच आहे, आईच्या हाताखाली तिला विसावा मिळेल. पण दिवस मोजून ठेव. ३२ आठवडे पुरे होण्याआधी तिला पोचव, छत्तिसाव्यात "अजून वेळ आहे" म्हणत निघू नका. महालक्ष्मी एक्सप्रेसला कल्याणला चढता येईल. गरोदर बाईला खालच्या बर्थचा कोटा असतो, खिडकीवर डॉक्टरांचा दाखला घेऊन जा. तिथल्या डॉक्टरांकडे दिवाळीआधीच एकदा नाव घालून या, म्हणजे कळा सुरू झाल्यावर फाईल पहिल्यांदा उघडायची वेळ येणार नाही. तिला पोचवून तू एस.टी.च्या खिडकीतून बाटली देणाऱ्यासारखा परत येऊ नकोस. एकाआड एक शनिवार जात जा. खासगी नोकरीत बापाला रजा द्यायचा कायदा नाही, म्हणून तुझी रजा आत्तापासून साठवायला लाग. गणपतीला चार दिवस कमी राहिलास तरी आम्ही समजून घेऊ, जानेवारीत तिच्याजवळ तू हवास.

एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत कळायला लागते. आधी वाटतं पोटात वायू फिरतोय, मग कधीतरी तिला उमगतं. म्हणजे गणपतीच्या त्या दिवसांत, कदाचित आरतीच्या झांजा वाजत असताना, कदाचित गाडीत. बाहेरून हात लावून तुला ते इतक्या लवकर कळणार नाही. पण ती तुला सांगेल तेव्हा तू मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला नसावास.

गाडी ठाण्याहून सुटली की फोन कर. चिपळूणला तू आधी उतर, सामान खाली ठेव, मग तिचा हात धर, घाई करू नका. मी छत्री घेऊन फलाटावर असेन. रिक्षावाल्याला सांगून ठेवते.

वडिलांना नमस्कार, सूनबाईला माझा गोड पापा.

तुझी
आत्या

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी वहिनींना फोन केला. एस.टी.चं ते सगळं बोलले त्यांच्याशी. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, गाडीत तिला खिडकीशी बसवायला सांग, वारा लागला की बरं वाटतं.